काही जाणवलंच नाही, मग दिवस राहतील का?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख लागेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

"ताई, माझं वय २९, मिस्टरांचं ३२. लग्नाला दोन वर्षं होतील. पुण्यात वारज्याला वन बीएचकेत राहतो, सासू-सासरे हॉलमध्ये झोपतात. बेडरूमच्या दाराची कडी वाजते म्हणून मी तिला रुमाल गुंडाळते. आठ महिने झाले, चान्स घेतोय पण काहीच नाही. संबंधाच्या वेळी मला विशेष काही जाणवत नाही, त्यांचं झालं हेसुद्धा ते थांबले की कळतं. जाऊबाई म्हणतात, राहायचं असेल तेव्हा आत गरम गरम लागतं आणि बाईचंही त्याच वेळी व्हावं लागतं. माझं तसं कधीच झालेलं नाही. उठलं की सगळं बाहेर येतं, म्हणून मी अर्धा तास पाय भिंतीला लावून पडून राहते, लघवीलाही जात नाही. मधे दोनदा लघवीला जळजळ होऊन गोळ्या घ्याव्या लागल्या. सुरुवातीला थोडं दुखतं पण ते चालतं. ॲपमध्ये १४ वा दिवस येतो तेव्हा आम्ही १३, १४, १५ असे तीन दिवस न चुकता करतो, त्याआधी मिस्टर आठ-दहा दिवस साठवून ठेवतात, आणि नंतर पाळी येईपर्यंत अजिबात नाही, राहिलं असेल तर धक्का नको म्हणून. जूनमध्ये ३ तारखेला पाळी आली होती, नंतर ७ जुलैला, साधारण असंच असतं. मिस्टर परवा सहज बोलून गेले की तुझ्यातच काहीतरी कमी असेल. मी थंड आहे का? असलं विचारल्याबद्दल माफ करा, डॉक्टरांना समोर बसून विचारायचं धाडस होत नाही."

पहिलं म्हणजे माफी कशाची मागतेस गं. (तुला 'तू' म्हणते, चालेल ना?) वारज्याहून डेक्कनकडे जाताना तू कर्वे रोडवरूनच जात असशील. तो रस्ता महर्षी कर्व्यांच्या नावाचा, आणि त्यांचेच थोरले चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये वारले तोपर्यंत मुंबईहून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचक असेच प्रश्न पाठवायचे आणि ते न लाजता सरळ उत्तर द्यायचे, त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात तर खुद्द बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्याला आता ९० वर्षं होऊन गेली आणि तरी तुला हे विचारताना माफी मागावी लागते, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी इतकी वर्षं ओपीडीत बसते, हा प्रश्न बायका शेवटी विचारतात, पर्स उचलून उभ्या राहिल्या, दाराशी पोचल्या, की मागे वळून. तू निदान लिहिलंस तरी.

आता जाऊबाईंचं घेऊ. त्या खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही, त्यांना काहीतरी जाणवलंही असेल, पण पुढे दिवस राहिले म्हणून ते लक्षात राहिलं, ज्या महिन्यांत तसंच जाणवून काही झालं नाही ते महिने कोण लक्षात ठेवतं? खरं काय होतं ते सांगते. बाईचं बीज हे साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, आणि शुक्राणू त्याला भेटतो तो गर्भाशयातही नाही, त्याच्या वर बाजूला जी नळी असते, गर्भनलिका, तिथे. तिथलं असलं काही आपल्याला कळावं अशी सोयच शरीरात नाही. आणि मुळात ते संबंधाच्या वेळी घडतच नाही. शुक्राणू आत गेल्यावर चांगल्या परिस्थितीत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, बीज मात्र बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकतं, म्हणजे सोमवारी रात्री संबंध आला तर गर्भधारणा गुरुवारी दुपारी तू ऑफिसमध्ये डबा खात असतानाही होऊ शकते, आणि तो गर्भ गर्भाशयात येऊन रुजायला पुढे आणखी सहा ते दहा दिवस. मग सोमवारी रात्री नेमकं काय जाणवणार होतं, सांग बरं?

पुरुषाचं झालेलं बाईला कळलंच पाहिजे असंही नाही. योनीच्या तोंडाजवळचा जो बाहेरचा भाग आहे तिथे संवेदना जास्त, आत खोलवर खूप कमी, त्यामुळे काहींना ते थोडं गरम किंवा ओलं लागतं, बऱ्याच जणींना काहीच कळत नाही. दोन्ही नॉर्मल. बाईचं 'होणं', म्हणजे ऑरगॅझम, त्याचंही तेच, झालं तर छानच पण मूल राहण्यासाठी त्याची अट नाही. दवाखान्यात आययूआय करताना बारीक नळीने वीर्य आत सोडतात, त्यात कोणालाही कसलंच सुख नसतं आणि दिवस राहतात.

हाच गैरसमज उलट्या बाजूनेही माझ्याकडे येतो, म्हणून बाकीच्यांसाठी मधेच सांगते. कॉलेजच्या, नोकरीवाल्या मुली लिहितात की मॅडम मला काहीच जाणवलं नाही, माझं झालंही नाही, त्याने बाहेर काढून घेतलं, मग राहणार नाही ना? राहू शकतं. जाणवण्याचा आणि राहण्याचा काही संबंध नाही, आणि वीर्य बाहेर पडण्याआधी जो पातळ चिकट स्राव येतो त्यातही शुक्राणू असू शकतात. मूल नको असेल तर कंडोम, आणि चुकलंच तर इमर्जन्सी गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत, ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. काही जाणवलं नाही म्हणून महिनाभर निवांत राहू नका.

बरं, उठल्यावर सगळं बाहेर येतं, हे. हा प्रश्न मला बहुतेक सर्वात जास्त वेळा विचारला गेला असेल. सर्दी-खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते मापाचं झाकण असतं ना, त्यातली ५ एमएलची खूण डोळ्यासमोर आण. एका वेळचं वीर्य बहुधा तेवढं किंवा त्याहून कमी असतं, आणि त्यातही शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं त्यांना पोहोचवणारं पाणी. आत पडल्यावर ते आधी घट्ट गोळ्यासारखं होतं आणि मग १५ ते ३० मिनिटांत पातळ होऊन बाहेर यायला लागतं, पण जे शुक्राणू पुढे जायचे ते पहिल्या काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावात शिरलेले असतात. चादरीवर येतं ते मागे उरलेलं. म्हणजे बाहेर येतंय याचा अर्थ आत नीट पोचलं होतं, इतकाच घे.

तेव्हा भिंतीला पाय लावणं बंद कर. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहावंसं वाटलं तर राहा, उशी घ्यायची तर घे, पण कंबर उंच ठेवून किंवा अमुक एका पोझिशनने मूल राहतं याला काही आधार नाही. आणि लघवी रोखायची तर अजिबात नाही. लघवीची वाट वेगळी, योनीची वेगळी, लघवी केल्याने शुक्राणू धुतले जात नाहीत. उलट संबंधाच्या वेळी बाहेरचे जंतू लघवीच्या वाटेत ढकलले जातात, ते लघवी केल्याने निघून जायला मदत होते, तू नेमकी ती रोखून धरतेस आणि वर अर्धा तास, त्या दोन्ही वेळच्या जळजळीला हे बरंचसं कारण असावं असं मला वाटतं.

आता तारखा, कारण मला वाटतं तुझ्या आठ महिन्यांतला खरा घोळ इथे आहे. माझ्या टेबलाशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं, पेशंट आली की मी तिला पेन देते आणि म्हणते गोल कर. तुझे गोल मीच करते. ३ जूनला पाळी, मग ७ जुलैला. मोजलं तर ३४ दिवस होतात. १४ वा दिवस हा २८ दिवसांची पाळी धरून काढलेला हिशोब आहे, सगळ्यांसाठी तो एकच नसतो. बीज साधारणपणे *पुढच्या* पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं, मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी नाही. म्हणजे ७ जुलैपासून मागे १४ घरं मोजत ये, २३ जून येतो. त्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, १८ ते २३ जून, हे तुझे राहण्याचे दिवस. आणि तुम्ही ॲपच्या हिशोबाने कधी केलंत? १५, १६, १७ जून. १७ चे शुक्राणू अगदी चिवट निघाले तरी २२ पर्यंत, आणि बीज येणार २३ च्या आसपास. त्यानंतर धक्का लागू नये म्हणून पूर्ण बंद!

किती थोडक्यात हुकतंय बघ. महिनोन्महिने दार उघडायच्या आधीच तुम्ही वाजवून परत जाताय. हा हिशोब दोन-चार दिवस इकडेतिकडे होतो, शरीर काही कॅलेंडर बघून चालत नाही, पण तुझी पाळी नेहमीच ३३-३४ दिवसांनी येत असेल तर हे कारण एवढं साधं आहे की तुझ्यात काय कमी आहे हा प्रश्न विचारायची वेळच अजून आलेली नाही.

मग करायचं काय, तर खरं सांगू का, ॲपच काही महिने बाजूला ठेवा. पाळी संपल्यावर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले की ते सहा दिवस आपोआप सापडतात, कोणालाही तारखेचं टेन्शन नाही. शरीराची खूण बघायची असेल तर एक चांगली खूण आहे. बाथरूमला गेलीस की अंगावरचा स्राव बघ, एरवी तो थोडा, चिकट किंवा पांढुरका असतो, पण बीज यायच्या आधीच्या दोन-चार दिवसांत तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा होतो, पारदर्शक, बुळबुळीत, दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तार येते. ती तार दिसली की ते दिवस चांगले. बऱ्याच बायका याला इन्फेक्शन समजून घाबरतात, वास आणि खाज नसेल तर ते इन्फेक्शन नाही. मेडिकलमध्ये लघवीवर तपासायच्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या मिळतात, त्यावर दुसरी रेघ गडद आली की पुढच्या दीडेक दिवसात बीज येण्याची शक्यता असते. पण पट्टीत रेघ आली म्हणून मिस्टरांना ऑफिसातून बोलावून घेऊ नकोस, त्याने काय होतं ते पुढे सांगते. आणि धक्क्याची भीती सोड, गर्भ राहिला असेल तर संबंधाने तो निखळत नाही.

मिस्टरांनी आठ-दहा दिवस साठवण्याचाही उपयोग नाही. जास्त दिवस साठवलं तर प्रमाण वाढतं पण जुने शुक्राणू मंद होतात. वीर्य घट्ट आहे, भरपूर आहे, त्यावरून काही समजत नाही, शुक्राणू मायक्रोस्कोपखालीच दिसतात.

आता तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे तू सगळ्यात घाईत लिहिलंस. "थोडं दुखतं पण ते चालतं." नाही गं, ते चालत नाही. दोन वर्षं प्रत्येक वेळी दुखत असेल तर ते तपासायला हवं, मूल हवं म्हणून नाही, तुला दुखतंय म्हणून. सुरुवातीलाच तोंडाशी आग होते का? मग कोरडेपणा किंवा इन्फेक्शन असू शकतं. आत जाताना भिंत असल्यासारखं अडतं, मांड्या आपोआप आवळल्या जातात का? त्याला व्हजायनिस्मस म्हणतात, त्यात स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध घट्ट होतात, त्यात तुझी काही चूक नसते आणि ते बरं होतं, पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता पुण्यात आहेत. आणि खोल आत दुखत असेल, शिवाय पाळीतही अंथरुण धरावं लागत असेल तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, ते नाही ना हे बघायला लागतं, त्याचा मूल राहण्याशीही संबंध येऊ शकतो. तेव्हा यासाठी वर्ष भरायची वाट बघू नको, याच महिन्यात जा. समोर बसून बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून ने, "संबंधाच्या वेळी दुखतं, इथे, इतकं", आणि कागद पुढे सरकव. आम्हाला चालतं. एखाद्या डॉक्टरांनी "होतं असं, सवय होईल" म्हणून वाटेला लावलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आणि तो रुमाल. मी तुझं पत्र वाचताना त्या कडीच्या रुमालापाशी बराच वेळ थांबले. दाराबाहेर सात-आठ फुटांवर सासू-सासरे, कान बाहेर, श्वास रोखलेला, लवकर उरकायचं, आणि ॲपने सांगितलंय म्हणून करायचंच. अशा वेळी शरीर सैल कसं होणार? बाईच्या अंगात इच्छा जागी होते तेव्हा तिथे रक्तपुरवठा वाढतो, ओलावा येतो, आतली जागाही थोडी लांब आणि रुंद होते, आणि याला वेळ लागतो, बहुतेक वेळा पुरुषापेक्षा जास्त. भीती असली की हे होतच नाही. मग कोरडं, मग दुखणं, मग पुढच्या वेळी दुखेल ही धास्ती, मग अजून कोरडं. याला तू थंड असणं म्हणतेस? मी तरी म्हणणार नाही.

शिवाय बहुतेक बायकांचं नुसत्या आतल्या संबंधाने होतच नाही. सुखाची मुख्य जागा बाहेर आहे, वरच्या बाजूला जिथे दोन पाकळ्या एकत्र येतात तिथे, क्लिटोरिस, मराठीत शिश्निका म्हणतात. बाहेर दिसते ती फार तर वाटाण्याएवढी, पण आत ती दोन्ही बाजूंना बरीच लांब पसरलेली असते. मेलबर्नच्या हेलन ओकॉनेल या सर्जनबाईंनी १९९८ मध्ये तिची पूर्ण रचना नीट मांडून दाखवली, १९९८! तोवर वैद्यकाच्या पुस्तकांतही ती धड नव्हती, तर तुझ्या-माझ्या आयांना कोण सांगणार होतं? तेव्हा तुझं कधी झालं नाही ते तुझ्या शरीरात खोट आहे म्हणून नाही, बहुधा त्या जागेकडे कोणी लक्षच दिलेलं नाही म्हणून. आधी स्वतःची ओळख स्वतः करून घे, अंघोळीच्या वेळी, एकटी असताना, त्यात काही वाईट नाही. मग मिस्टरांना सांग. अंथरुणात नको, तिथे ते बिचारे तक्रार समजतील. रविवारी सकाळी दोघं तळजाईवर चालायला जा, शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड गोष्टी सोप्या जातात. "मला सुरुवातीला दुखतं, जरा वेळ लागतो, मी सांगेन तेव्हाच आत" एवढं बोललीस तरी खूप झालं.

जागेचं बघा. सासू-सासरे गावाला जातात तेव्हाचे दिवस घरातल्या साफसफाईत घालवू नका. कधी एक रात्र दोघं बाहेर जाऊन या, ती चैन नाहीये. आणि कडीचं म्हणशील तर सुताराला बोलावून बदलून घे.

कोरडेपणासाठी जेल वापरायचं असेल तर मूल हवं असताना नेहमीचं कुठलंही नको, काही जेलमुळे, थुंकीने आणि तेलानेही शुक्राणूंची हालचाल मंदावते, मूल हवं असणाऱ्यांसाठीचं वेगळं जेल मिळतं, ते विचारून घे. (आणि ज्यांना मूल नकोय त्यांनी कंडोमबरोबर खोबरेल वापरू नका, लॅटेक्सचा कंडोम तेलाने फाटतो.)

मिस्टरांसाठी दोन शब्द, त्यांनी स्वतः वाचावेत असं मला वाटतं. बायकोत कमी आहे असं सहज बोलून जाऊ नका, ती ते सहज विसरत नाही. मूल न राहणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूने काही ना काही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, झालं. तपासण्यांची वेळ आली तर ती पहिली करा, बायकोच्या दहा टेस्ट झाल्यावर नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट असेल तर आजच सोडा, मांडीवर तासनतास गरम लॅपटॉप नको, आणि जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर मुळीच नाही, त्याने शुक्राणू तयार व्हायचेच थांबू शकतात. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा तीन महिन्यांनी दिसेल. आणि "आज तारीख आहे" म्हटलं की कधी कधी तुमचंच होत नाही ना? ते टेन्शनने होतं, पुष्कळांना होतं, त्यासाठीच मी ॲप बाजूला ठेवायला सांगितलं.

सगळं ठीक असलेल्या शंभर तरुण जोडप्यांत एका महिन्यात वीस-पंचविसांनाच राहतं, वर्षभरात साधारण ८० ते ८५ जणांना. तुमचे आठ महिने, त्यातही तारखा हुकलेल्या. म्हणून आता हिशोब नीट धरून आणखी चार-सहा महिने द्या आणि मग तपासण्यांचं बघा. ज्या वाचक पस्तिशीच्या पुढे आहेत त्यांनी मात्र सहा महिनेच थांबायचं, आणि ज्यांची पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबते किंवा कधीही येते त्यांनी तेवढंही नाही. तू दुखण्यासाठी डॉक्टरांकडे जाशीलच तेव्हा थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन करून घे आणि फोलिक ॲसिड सुरू केलं नसेल तर विचारून सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, ते दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं असतं.

सासूबाईंनी विचारलं तर "डॉक्टरांनी सहा महिने विचारू नका सांगितलंय" म्हण, माझं नाव पुढे कर. आणि पुढच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दुखण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, मी वाट बघतेय.